जिंजी : बारा वर्षे आधी घेतलेला निर्णय

इ. स. १६८९ च्या वसंत ऋतूत मराठ्यांच्या राज्यावर जो प्रसंग ओढवला, त्याहून बिकट प्रसंग त्या राज्याच्या वाट्यास क्वचितच आला असेल. फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वर मुक्कामी छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी त्यांचा हालहाल करून वध करण्यात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस राजधानी रायगडास वेढा पडला. विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही १६८७ मध्ये बुडालेली होती, तेव्हा दक्षिणेत औरंगजेबाशी सामना देणारी दुसरी कोणतीही मोठी सत्ता उरली नव्हती. राजा मारला गेला, राजधानी वेढली गेली, वारस शाहू अवघा सात वर्षांचा. अशा स्थितीत एखादे राज्य संपले असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता.

रायगडावर त्या दिवसांत जी मसलत झाली, तिच्यात संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई यांनी दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे. राजघराण्यातील सर्वांनी एकाच ठिकाणी कोंडून घेऊ नये. एकोणीस वर्षांचे दीर राजाराम महाराज यांनी गड सोडून बाहेर पडावे, आपण बाळ शाहूसह गडावर राहू, असा तो सल्ला होता. पुढे काय होणार हे त्या माउलीस ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले. ती कैद शाहूची अठरा वर्षे आणि येसूबाईंची त्याहूनही अधिक काळ टिकली. परंतु राजाराम महाराज एप्रिलमध्येच निसटले होते. प्रतापगड, पन्हाळा असे मुक्काम करीत सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी पन्हाळाही सोडला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस ते तमिळ प्रदेशातील जिंजीच्या किल्ल्यात दाखल झाले.

हा भाग वर्गात शिकविताना एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, की गुरुजी, जिंजीच का? रायगडापासून जिंजी सरळ रेषेत मोजली तरी सुमारे नऊशे किलोमीटर भरते. वाटेत मोगलांचा मुलूख, नद्या, घाट, अनोळखी भाषा. मग सह्याद्रीतील एखादा अवघड गड का नको? प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि पाठ्यपुस्तके त्याचे उत्तर एका ओळीत देऊन मोकळी होतात. ‘जिंजी मराठ्यांच्या ताब्यात होती.’ पण ती ताब्यात कशी आली, केव्हा आली, आणि एवढ्या दूरचा किल्ला हवासा का वाटला, हेच तर जाणून घेण्यासारखे आहे.

त्यासाठी बारा वर्षे मागे जावे लागते. खरे म्हणजे त्याहूनही मागे, इ. स. १६४८ पर्यंत. त्या वर्षी विजापूरच्या फौजा जिंजीस वेढा घालून बसल्या होत्या आणि त्या छावणीत शहाजीराजे भोसले होते. तेथेच २५ जुलै रोजी विजापूरच्या सेनापतीने त्यांना अचानक कैद केले. म्हणजे जिंजी हे नाव भोसल्यांच्या घरात प्रथम आले ते एका कटू आठवणीने. पुढे शहाजीराजांची सुटका झाली, बंगळूर व तंजावर या बाजूस त्यांची जहागीर वाढली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ती धाकटे पुत्र व्यंकोजीराजे यांजकडे गेली. त्या जहागिरीचे कारभारी रघुनाथ नारायण हणमंते हे व्यंकोजींशी न पटल्याने निघाले आणि शिवाजी महाराजांकडे आले. कर्नाटकातील वाटा, किल्ले, किल्लेदारांचे स्वभाव आणि उत्पन्नाचे आकडे ज्याच्या डोक्यात आहेत असा मनुष्य महाराजांना असा घरबसल्या मिळाला.

१६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. १६७७ च्या आरंभी महाराज भागानगरास, म्हणजे गोवळकोंड्याच्या राजधानीस, गेले. तेथे अबुल हसन कुतुबशहा आणि त्याचे मंत्री मादण्णा व आकण्णा यांच्याशी त्यांनी करार केला. मोहिमेस पैसा व तोफखाना कुतुबशहाने पुरवावा असे ठरले. मग श्रीशैलमार्गे फौज खाली उतरली. मे महिन्यात जिंजी विजापूरच्या किल्लेदाराकडून बोलणी करून, फारसे रक्त न सांडता, ताब्यात आली. वेल्लोरचा कोट मात्र हट्टी निघाला. त्याच्या शेजारच्या टेकड्यांवर साजरा आणि गोजरा अशी दोन गढीवजा ठाणी उभारून मराठे वर्षाहून अधिक काळ तेथे बसून राहिले, तेव्हा कोठे १६७८ मध्ये तो पडला. मधल्या काळात शेरखान लोदीचा पराभव झाला, कोलेरून नदीच्या काठी व्यंकोजीराजांशी भेट झाली (ती गोड झाली नाही, हे सर्वांस ठाऊक आहे) आणि महाराज म्हैसूरच्या पठारावरून परत फिरून १६७८ च्या एप्रिलमध्ये पन्हाळ्यास आले.

या मोहिमेचा हेतू काय होता, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. राज्याभिषेकाने रिकामी झालेली तिजोरी भरणे हाच खरा हेतू, असे जदुनाथ सरकारांसारखे अभ्यासक म्हणतात. वडिलांच्या जहागिरीतील वाटा मागणे हाच हेतू, असे दुसरे कोणी म्हणतात. उत्तरेकडून एक ना एक दिवस मोगल बादशहा सर्व सामर्थ्यानिशी उतरणार, तेव्हा पाठीमागे सरकायला जागा हवी, हा हेतू तिसरे सांगतात. तिसऱ्या मताविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे: १६८९ मध्ये काय घडले हे आपल्याला माहीत आहे म्हणून ते १६७७ मध्ये महाराजांच्या मनात होते असे मानणे ही पश्चातबुद्धी होय. इतिहासाच्या शिक्षकाने तर या मोहापासून चार हात दूरच राहावे.

परंतु मनातले कळत नसले तरी हातून घडलेले कळते. ज्याला केवळ पैसा न्यायचा आहे तो खंडणी घेऊन निघून जातो. सुरतेस दोन वेळा तसेच घडले. जिंजीस घडले ते वेगळे होते. मदुरेच्या ख्रिस्ती मिशनमधील आंद्रे फ्रेरे नावाच्या जेझुइट पाद्र्याने १६७८ मध्ये लिहिलेल्या पत्रात या कामाचे वर्णन आहे. जिंजीभोवती नवे तट उभारले गेले, खंदक खणले गेले, बुरूज चढविले गेले, आणि ते काम युरोपीय लोकांनीही वाखाणावे इतक्या नेटकेपणाने झाले, असे हा परका मनुष्य सांगतो. पुदुच्चेरीच्या फ्रेंच वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ याच्या नोंदींतूनही त्या भागातील मराठी कारभाराचे दर्शन घडते. हे दोघेही काही महाराजांचे भाट नव्हते. करवसुली कडक होती, रयत त्रासली होती, अशी तक्रारही या परकीयांच्या लिखाणात आढळते आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. बांधकामास पैसा लागतो, तो त्याच मुलखातून निघाला. तरीही एवढे मात्र खरे, की नऊशे किलोमीटरांवरील एका किल्ल्यावर इतका खर्च, इतके श्रम आणि रघुनाथपंतांसारखा कर्तबगार मनुष्य कोणी केवळ एका हंगामाच्या लुटीसाठी गुंतवीत नाही.

शिवाय हे एकच उदाहरण असते तर गोष्ट वेगळी. महाराजांच्या एकंदर कारभारात मोहीम आणि धोरण यांत स्पष्ट फरक दिसतो. मोहीम हंगामापुरती, धोरण पिढीपुरते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात त्यांनी चार लाख होनांच्या मुलखासह तेवीस किल्ले दिले आणि एक लाख होनांच्या मुलखासह बारा राखले. त्या दिवशीचा हिशेब पाहिला तर तो निखळ पराभव होता. पण राज्य नावाची वस्तू शिल्लक राहिली आणि १६७० मध्ये दिलेल्यातील बहुतेक किल्ले परत येऊ लागले. १६७१-७२ च्या सुमारास गडांच्या डागडुजीसाठी व बांधकामासाठी पावणेदोन लाख होनांची तरतूद केल्याचा कागद उपलब्ध आहे. तेव्हा कोणताही मोठा वेढा पडलेला नव्हता. संकट दारात उभे राहिल्यावर चुना भिजवायला घेणारे राज्यकर्ते पुष्कळ असतात. ते येण्याआधी भिजविणारे विरळा.

समुद्राकडेही तीच नजर होती. आपल्या वाचकांपैकी अनेकांची आडनावे किहीम, नवगाव, पेण अशा गावांवरून आलेली आहेत. त्यांचे आजे-पणजे थळ-किहीमच्या किनाऱ्यावर उभे राहत तेव्हा समोर खांदेरी-उंदेरीची बेटे दिसत. खांदेरीवर १६७९ मध्ये, इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या नाकावर टिच्चून, मायनाक भंडारी याने तट उभारला. त्या वेळी महाराजांच्या आयुष्याचे जेमतेम काही महिने उरले होते. मुंबईच्या तोंडाशी असलेले हे खडकाळ बेट हाती ठेवण्याचा उपयोग त्यांना स्वतःला झाला नाही. तो झाला कान्होजी आंग्रे यांना. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे आणि जिंजीही आहे. बारांपैकी महाराष्ट्राबाहेरचा तो एकच.

तथापि किल्ल्यांहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. १६६६ च्या मार्चमध्ये महाराज आग्र्यास निघाले. ऑगस्टमध्ये ते कैदेतून निसटले आणि त्यानंतर स्वराज्यात परतले. कित्येक महिने राजा राज्यात नव्हता, आणि तो जिवंत परत येईल याची खात्री नव्हती. तरी जिजाबाईंच्या देखरेखीखाली कारभार चालू राहिला, फितुरी माजली नाही, किल्ले पडले नाहीत. राजा नसताना राज्य चालते की नाही, याची ती पहिली परीक्षा होती. दुसरी आणि खडतर परीक्षा तेवीस वर्षांनी झाली. त्या वेळी महाराष्ट्रात राहून ज्यांनी झुंज चालविली ते रामचंद्रपंत अमात्य, राजाबरोबर जिंजीस गेलेले प्रल्हाद निराजी, रानात घोडा फेकणारे संताजी घोरपडे व धनाजी जाधव, ही सगळी माणसे शिवकालात वाढलेली, त्या शिस्तीत मुरलेली होती. पुढाऱ्याची दूरदृष्टी कशात दिसते, असे कोणी विचारले तर मी तटबंदी दाखविण्यापूर्वी ही नावे दाखवीन.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख स्तोत्र होईल. ज्या राज्यकर्त्याने एवढ्या लांबचा विचार केला, त्याच्या हयातीत एक प्रश्न मात्र तसाच राहिला: आपल्यामागे गादीवर कोण? १६७८ च्या अखेरीस युवराज संभाजीराजे दिलेरखानाकडे निघून गेले, वर्षभराने परत आले. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे रायगडावर निधन झाले तेव्हा उत्तराधिकाराचा निर्णय पक्का झालेला नव्हता. परिणामी काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामास गादीवर बसविले, संभाजी महाराजांनी ते मोडून काढले, आणि त्या झगड्यात जुने अनुभवी कारभारी बळी पडले. औरंगजेब मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरत असताना ही माणसे राज्यास हवी होती.

संभाजी महाराजांनी मात्र दक्षिणेकडील ठेव्याकडे दुर्लक्ष केले नाही, हे त्यांच्या श्रेयास लावले पाहिजे. आपले मेहुणे हरजीराजे महाडिक यांना त्यांनी जिंजीच्या कारभारावर पाठविले आणि पुढे केसो त्रिमळ यांजबरोबर तिकडे घोडदळही रवाना केले. म्हणून १६८९ मध्ये जिंजी हे केवळ नकाशावरचे नाव राहिले नव्हते. तेथे दाणागोटा होता, शिबंदी होती, मराठी बोलणारे कारकून होते.

राजाराम महाराजांचा प्रवास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात ते निघाले असे सांगतात. बेदनूरच्या राणी चन्नम्मा यांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आपल्या मुलखातून वाट दिली. मराठ्यांच्या इतिहासात या कानडी राणीचे ऋण मोठे आहे. जिंजीत पोहोचल्यावरही सारे सुरळीत नव्हते. हरजीराजांचे नुकतेच निधन झाले होते आणि किल्ला हाती येण्यास प्रारंभी थोडी खळखळ झाली. ती मिटली, दरबार भरला, अष्टप्रधान नेमले गेले, त्यांवर प्रतिनिधी हे नवे पद निर्माण करून प्रल्हाद निराजी यांस दिले गेले. पैशाची चणचण इतकी, की कडलूरजवळील देवनामपट्टणचा लहानसा किल्ला १६९० मध्ये मद्रासच्या इंग्रजांना विकण्यात आला. किल्ल्याभोवतीची हद्द तोफेचा गोळा जाईल तेथपर्यंत, असे ठरले होते. इंग्रजांनी अर्थातच चांगली लांब पल्ल्याची तोफ निवडली.

१६९० च्या सप्टेंबरात झुल्फिकारखान जिंजीच्या पायथ्याशी आला आणि जो वेढा बसला तो सात वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग या तीन डोंगरांस एकाच तटाने जोडलेला तो किल्ला पूर्णपणे कोंडणे मोगलांना अखेरपर्यंत साधले नाही. १६९२ च्या डिसेंबरात संताजी आणि धनाजी महाराष्ट्रातून खाली धावून आले आणि वेढा घालणारेच वेढले गेले. मोगल सरदार अलीमर्दानखान मराठ्यांच्या हाती पडला. बादशहाचा धाकटा मुलगा कामबक्ष मराठ्यांशी संधान बांधतो आहे या संशयावरून झुल्फिकारखान व त्याचा बाप असदखान यांना शहजाद्यालाच अटक करावी लागली, आणि वांदिवाशपर्यंत माघार घ्यावी लागली. इकडे जिंजीकडे मोगलांचे जेवढे सैन्य गुंतले, तेवढा सह्याद्रीवरील भार हलका झाला. रामचंद्रपंतांना आणि शंकराजी नारायणांना गमावलेले किल्ले परत घ्यायला हेच हवे होते. दोन आघाड्यांमध्ये एवढे अंतर, की शत्रूला दोन्हींवर सारखे बळ लावता येऊ नये, हा जिंजीचा खरा उपयोग होता. राजाचा जीव वाचला हा त्यातला लहान भाग.

या यशाची किंमतही द्यावी लागली. शिवाजी महाराजांचे धोरण सरदारांना रोख पगार देण्याचे होते. वतने आणि जहागिऱ्या देऊन माणसे स्वतंत्र होतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. राजाराम महाराजांजवळ रोख रक्कमच नव्हती. तेव्हा शत्रूच्या हातून जो मुलूख सोडवील त्याला तो, असे अभिवचन देणे भाग पडले. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या पत्रात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली घेतल्यास कोणकोणते बक्षीस, याचे टप्पे लावून दिले आहेत. राज्याची राजधानी हातात नाही, आणि दिल्लीच्या बक्षिसाची बोली! हसावे की नमस्कार करावा ते कळत नाही. पण त्या आश्वासनांतून सरंजामी पद्धत रुजली आणि पुढे शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांची जी आपापली राज्ये झाली तिचे मूळ येथे आहे. राज्य वाचविण्यासाठी राज्याच्या घडणीचे तत्त्व मोडावे लागले. राजाराम महाराजांना यासाठी दोष देणाऱ्यांनी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता तेही सांगावे. संताजी घोरपड्यांचा शेवट याहूनही क्लेशदायक. दोड्डेरी व बसवपट्टण येथे मोगलांच्या दोन नामांकित सेनापतींना धूळ चारणारा हा पुरुष १६९७ मध्ये आपल्याच लोकांच्या वैरातून मारला गेला.

समोरच्या पक्षाकडे पाहिले म्हणजे या सर्वांचा अर्थ अधिक उघड होतो. औरंगजेब आळशी नव्हता, भित्रा नव्हता, अडाणी तर मुळीच नव्हता. खजिना, तोफा, मनुष्यबळ यांत त्याच्याशी कोणाचीच बरोबरी नव्हती. १६८१ मध्ये अजमेर सोडले ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. १६९९ नंतर, ऐंशीच्या घरात असताना, तो स्वतः एकेका किल्ल्याखाली तळ देऊन बसला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. त्यांतले कित्येक किल्लेदाराला पैसे मोजून मिळाले आणि बादशहाची पाठ वळताच मराठ्यांनी पुन्हा घेतले. किल्ला घेतल्यावर पुढे काय, या मुलखातील माणसांशी कोणत्या अटींवर राहायचे, लढाई कोठे थांबवायची, या प्रश्नांना त्याच्याजवळ उत्तर दिसत नाही. प्रत्येक वर्षाचा बेत होता, पंचवीस वर्षांचा नव्हता. १७०७ मध्ये अहमदनगराजवळ त्याचा अंत झाला तेव्हा उत्तरेत त्याची गैरहजेरी एका पिढीची झाली होती.

जिंजी अखेर १६९८ च्या आरंभी पडली. झुल्फिकारखानाला किल्ला मिळाला आणि त्याच्याच एका किताबावरून त्याचे नाव नुसरतगड ठेवण्यात आले. पण ज्याच्यासाठी सात वर्षे घालविली ते राजाराम महाराज त्यापूर्वीच बाहेर पडले होते. खानाने त्यांना जाणूनबुजून जाऊ दिले, असा संशय तेव्हाही होता. महाराष्ट्रात परतल्यावर त्यांनी साताऱ्यास राजधानी केली. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी युद्ध पुढे चालविले.

वेढ्याच्या त्या शेवटच्या वर्षी, १६९७ मध्ये, जिंजीच्या तटाआड बसून एक वृद्ध कारभारी लिहीत होता. कृष्णाजी अनंत सभासद याने शिवाजी महाराजांना प्रत्यक्ष पाहिले होते. आपल्या वडिलांचे चरित्र लिहून द्यावे अशी आज्ञा राजाराम महाराजांनी त्याला केली होती. शिवचरित्राची सर्वांत जुनी व सर्वांत विश्वसनीय मानली जाणारी मराठी बखर ती हीच. महाराष्ट्रापासून नऊशे किलोमीटरांवर, वडिलांनी बांधून ठेवलेल्या तटाच्या आत, मुलाने ती लिहवून घेतली.